हौदाचा तुकडा

त्या बाजारात भाजीवाल्या पुष्कळ होत्या, पण नुसतं 'काकी' म्हटलं की एकच. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की या टोकाला हसली तर त्या टोकाला कळावं. तिच्या टेबलावर गाजरं, मुळे, शेंगा सगळं असे, पण लोक येत ते पालकासाठी. पानं तळहाताएवढी, देठ कोवळे, रंग इतका गर्द की शेजारचा कोबीवाला म्हणे, "काकी, शाई पाजतेस की काय त्याला?"

"शाई कशाला? माया करते. तूही करून बघ एकदा," काकी म्हणे, आणि जुडी बांधता बांधता आणखी चार काड्या त्यात खुपसे. मोजूनमापून देणं तिला कधी जमलंच नाही. टेबलापुढून कोणी रिकाम्या पिशवीनं गेलं, तर काहीतरी आपलंच चुकलं असं तिला वाटायचं.

हा पालक यायचा घरामागच्या उतारावरच्या एका तुकड्यातून. घरात त्याला हौदाचा तुकडा म्हणत. वर डोंगरात पूर्वी शिशाची आणि जस्ताची खाण होती. ती बंद पडली तेव्हा खाणवाल्यांनी पायथ्याच्या जमिनी विकून टाकल्या, आणि काकीच्या सासऱ्यांनी हा तुकडा घेतला. तिथे कधीकाळी मोठा हौद होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बाकीच्या शेतातली माती चिकट, कुदळीला जड. इथली मात्र पिठासारखी मऊ, करड्या रंगाची. हात घातला की मनगट कधी बुडालं ते कळत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून काकी त्या तुकड्यात राबत होती. पुढे नवरा गेला, मुलगा शहरात गेला, तुकडा राहिला.

मुलगा वायरमन होता. सून एका तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. लोक पाणी, दूध, धान्य आणून देत, आणि त्यात काय मिसळलंय ते ती शोधून सांगे. सासू-सुनेचं बरं चाललं होतं. खटके उडत, पण जेवणात मीठ असावं तेवढेच. काकी दर आठवड्याला गाडीवाल्याच्या हाती भाजीची पिशवी पाठवी आणि पाठोपाठ फोन करी, "खाल्ला का नातीनं पालक?" नात नुकती बोलायला लागली होती. तिला येणाऱ्या मोजक्या शब्दांत 'पापक' हा एक होता.

त्या वर्षी प्रयोगशाळेत नवं मशीन आलं. कशात कोणता धातू आहे, अगदी कणभर असला तरी ते सांगे. बसवायला आलेल्या माणसानं चाचणीसाठी एखादी पालेभाजी मागितली. सुनेनं सकाळीच गाडीवाल्याकडून पिशवी घेतली होती, ती तिच्या टेबलाखालीच होती. तिनं एक जुडी काढली, धुतली, भट्टीत वाळवली, कुटून पूड केली, आम्लात विरघळवली आणि मशीनला पाजली. पडद्यावर आकडे आले.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

"मॅडम, अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही त्याचं," तो माणूस म्हणाला.

ती खाली गेली, कोपऱ्यावरच्या दुकानातून पालक घेऊन आली आणि तोही तसाच तपासला. त्यात काही नव्हतं. पुन्हा घरचा लावला. पुन्हा तेच आकडे. शिसं होतंच, पण कॅडमियम इतकं होतं की अशा भाजीचा नमुना कोणा परक्यानं आणला असता, तर तिनं त्याला समोर बसवून विचारलं असतं, 'हे कुठे पिकवलंत?' तिनं हातमोजे काढले आणि स्टुलावर बसून राहिली. सकाळीच नातीच्या वाटीत तिनं मागच्या पिशवीतला असाच पालक कुस्करला होता.

संध्याकाळी नवरा वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन घरी आला. तिनं सांगितल्यावर तोही आधी तेच म्हणाला, की मशीन बिघडलं असेल. मग भेंडोळं जमिनीवर ठेवून तो तिथेच टेकला.

"आपण खाणं बंद करू," तो म्हणाला. "पिशवी आली की टाकून देऊ. आईला कशाला दुखवायचं? तो पालक म्हणजे तिचा दुसरा मुलगा आहे. दुसरा कसला, पहिलाच."

"आणि बाजारातली माणसं?"

तो भेंडोळ्याचं सुटलेलं टोक आत खोचू लागला.

"त्यांच्याही घरात लहान मुलं आहेत," ती म्हणाली.

"मग तू सांग. मी खांबावर चढतो, चालू तारेला हात लावतो, पण हे माझ्यानं व्हायचं नाही."

रविवारी तिघं गावी गेली. काकी अंगणात मुळे धूत बसली होती. नातीला मांडीवर घेऊन तिनं ओल्या हातानं तिचे गाल ओढले. सुनेनं रस्त्यात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी त्या अंगणात फुकट गेली. तिनं सरळच सांगितलं. हौदाच्या तुकड्यातल्या पालकात धातू आहेत, चांगले नाहीत, आणि खूप आहेत.

"नीट धुऊन घेत नसशील," काकी म्हणाली.

"धुऊन जात नाही ते, आई. वरची धूळ असती तर गेली असती. हे मुळांतून पानात चढतं."

"मग चांगला शिजवत जा."

"शिजवूनही जात नाही."

"अगं, मी जन्मभर तेच खातेय. मेले का?"

"नाही."

"मग?"

"मग ते साठत जातं. मूत्रपिंडात, हाडांत. एका दिवसात काही होत नाही, म्हणूनच कळत नाही."

काकीनं नातीला मांडीवरून उतरवलं. मुलाकडे पाहिलं. तो नळाच्या तोटीकडे बघत होता. "माझ्या हातच्या भाजीला नाव ठेवायला बाहेरचं कोणी मिळालं नाही वाटतं," ती म्हणाली. "घरचंच माणूस लागलं." मग मुळ्यांची पाटी उचलून ती आत गेली. जेवण वाढलं, पण बोलली नाही. त्या रविवारी ती मंडळी पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी परतली.

पुढचे कितीतरी दिवस फोन आला नाही. मुलगा करी, तर "बरी आहे" एवढंच ऐकू येई. सून कामात होती, पण मन ठिकाणावर नव्हतं. आपण बरोबर होतो याचा तिला तिळमात्र आनंद नव्हता. नातीचं रक्त तिनं तपासून घेतलं. शिसं थोडं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरू नका, खाणं बदला, उतरेल, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू. हे काकीला सांगावं की नाही, यावर नवरा-बायकोचं एकमत होईना.

मग एके दिवशी गाडीवाला दारात आला तो हाश्शहुश्श करत. "काकीनं भाजी दिलीय की धोंडे?" त्यानं पिशवी दाणकन ठेवली. आत माती होती. करडी, मऊ, फडक्यात नीट बांधलेली. पाठोपाठ फोन आला.

"मिळाली?"

"मिळाली, आई."

"हौदाच्या तुकड्यातली आहे. तीन ठिकाणची घेतलीय. तुझ्या त्या मशीनला घाल. आणि काय येईल ते मला सांग. मुलाकडे निरोप देऊ नकोस, तो गोड करून सांगतो."

मातीचे आकडे पालकाहून वाईट आले. सुनेनं ते जसे होते तसे सांगितले, आणि त्याच फोनवर नातीच्या रक्ताचंही सांगून टाकलं. 

"पोरी," काकी म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी खाल्लाय, त्यांना कोण सांगणार?"

"आपण अन्नतपासणीच्या सरकारी कार्यालयाला कळवू. ते रीतसर सूचना काढतील."

"सूचना कोण वाचतं? मी विकलाय, मी सांगणार."

त्याआधी सुनेनं एका जाणकाराला बोलावलं. खाणींच्या आसपासची माती दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा होता. उंच, किडकिडीत, खाली मान घालून चालणारा माणूस. काकीनं पाच मिनिटांत त्याचं नाव 'माती-डॉक्टर' ठेवून टाकलं. त्यानं उतारावर दोऱ्या बांधून चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात गिरमिट फिरवून मातीची लांब कांडी वर काढली. एका ठिकाणची कांडी त्यानं काकीच्या पुढ्यात आडवी ठेवली. वरची वीतभर शेणखतानं जराशी काळसर झालेली, खाली निव्वळ करडा थर, त्याच्याखाली तांबडी चिकणमाती.

"हे करडं म्हणजे माती नाहीच, काकी," तो म्हणाला. "खाणीतला दगड दळून या हौदात धूत असत. कामाचा माल वर न्यायचे, उरलेला गाळ इथेच पसरायचा. म्हणून इतकं मऊ. जस्ताच्या दगडात कॅडमियम असतंच, तेही यातच राहिलं."

काकीनं बोटानं तो थर दाबला. "म्हणजे ज्याचं मी कौतुक करत आले, तेच."

"तेच."

"आणि बाकीचं शेत?"

"वरचं ठीक वाटतंय. खाली उताराकडे पाण्याबरोबर थोडं गेलं असणार. बघू."

ती हसली, पण तो आवाज दुसऱ्या टोकाला गेला नसता. "बघा म्हणजे झालं. आयुष्यभर दगडाच्या पिठाला माया लावली मी."

बाजाराच्या दिवशी काकी नेहमीच्या जागी गेली. सून रजा घेऊन बरोबर आली होती. टेबलावर काही मांडलं नव्हतं. लोक आले, पिशव्या पुढे केल्या, आणि काकी एकेकाला सांगत गेली. पालक नाही. आता कधीच नाही. माझ्या त्या तुकड्यात खाणीचं शिसं आणि कॅडमियम निघालंय. घरात लहान मूल असेल, कोणी पोटुशी असेल, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. मला माहीत नव्हतं. आता कळलंय, म्हणून सांगतेय. डॉक्टरांना काय सांगायचं ते सुनेला विचारून घ्या.

कोबीवाल्याला आधी गंमत वाटली. मग त्याचा चेहरा उतरला, कारण उरलेला पालक दर बाजारी त्याच्याच घरी जायचा. एका मास्तरांनी काकीचे आभार मानले आणि जाताना टेबलाला हात लावणं टाळलं. एक बाई बाळाला कडेवर घेऊन आली होती. ती ऐकत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास ठेवून भरवलं याला." काकीनं मान खाली घातली नाही. "ठेवलात," ती म्हणाली. "म्हणूनच इथे उभी आहे." बाई निघून गेली. त्यानंतर काकीचा आवाज बसला, आणि उरलेल्यांना सुनेनं सांगितलं. लोक विचारत, "तुम्ही कोण?" आणि ती म्हणे, "सून आहे त्यांची." दुपारी बसनं परतताना काकी म्हणाली, "बरं झालं तू होतीस," आणि खिडकीबाहेर बघत बसली. मनातली गाठ सुटली ती तिथे.

बातमी वाऱ्यावर गेली. पुढच्या बाजारी त्या उतारावरच्या कोणाचीच भाजी कोणी घेईना. काकीच्या शेताखाली ज्याचं शेत, त्या शेजाऱ्याला सगळे 'फौजदार' म्हणत. मिशा तशा, आणि बोलणं म्हणजे हुकूम. त्याचा मुळ्याचा सगळा माल परत आला. तो तडक काकीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास तू!"

"तुमच्या शेताचं नावही काढलं नाही मी. माझ्यात आहे, एवढंच बोलले."

"लोकांना तेवढी अक्कल असते?"

"असते. म्हणून तर घाबरले. तुम्ही पण तपासून घ्या, फौजदार. चांगलं निघालं तर तसं छातीठोक सांगता येईल."

"माझ्या शेतात तुझ्या त्या गिरमिटवाल्यानं पाय टाकला तर बघ," तो म्हणाला आणि फाटक इतक्या जोरात आपटून गेला की बिजागरी निखळली. संध्याकाळी काकीनं ती स्वतःच ठोकून बसवली.

माती-डॉक्टर नकाशा घेऊन आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पसरून त्यानं समजावलं. "रस्ते तीन. काढून टाकायचं, बांधून ठेवायचं, नाहीतर उपसायचं."

"सगळंच काढून टाका की," मुलगा म्हणाला.

"टाकायचं कुठे? दुसऱ्याच्या उतारावर?"

"उपसायचं म्हणजे विहिरीसारखं?" काकीनं विचारलं.

"तसंच. फक्त बादली म्हणजे झाड. मोहरी, सूर्यफूल, काही जातींची वाळुंजं अशी झाडं कॅडमियम ओढून वर आणतात. ती कापून न्यायची, धूर बाहेर जाणार नाही अशा भट्टीत जाळायची, राख बंद करून ठेवायची. पुन्हा लावायची, पुन्हा कापायची. वेळ लागतो."

शेवटी असं ठरलं की हौद होता त्या वरच्या कोपऱ्यात काहीच पिकवायचं नाही. तिथे स्वच्छ चिकणमातीचा जाड थर अंथरून गवत लावायचं आणि कुंपण घालायचं. मधल्या पट्टीत उपसणारी झाडं, आणि तिलाही कुंपण. खालच्या पट्टीत, जिथे प्रमाण कमी होतं, चुना, हाडांचं खत आणि कुजलेलं शेणखत घालून धातूंना मातीतच जखडून टाकायचं, म्हणजे मुळांना ते ओढता येणार नाहीत. चुन्यानं माती आंबट राहत नाही, आणि आंबट नसली की कॅडमियम फारसं हलत नाही, हे काकीला पहिल्या झटक्यात पटलं. न पटलं ते दुसरंच.

"पिकवायचं आणि खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही? हे म्हणजे स्वयंपाक करून भांड्याला कुलूप लावणं झालं."

"तसंच समजा," माती-डॉक्टर म्हणाला.

पण पेरली तिनंच. आणि काकीच्या हाताला यश होतं, त्याला ती तरी काय करणार? मोहरी अशी तरारली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. पानं रुंद, रसरशीत. कुंपणावर सुनेनं मोठ्या अक्षरांत पाटी लावली. तरी काकी रोज सकाळी खुर्ची टाकून तिथे बसे. आयुष्यभर जिनं बोलावून बोलावून दिलं, ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकत होती. "मला राखणीचं कुत्रं केलंय तुम्ही," ती फोनवर म्हणे. "फक्त भुंकायचं बाकी आहे."

एकदा ती चहा ठेवायला आत गेली आणि परत येऊन पाहते तर गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी आजी कुंपणाच्या फटीतून आत शिरून मोहरीची पानं खुडत होती. आजीला ऐकू येत नसे आणि दिसतही बेताचंच. काकी तिला वर्षानुवर्षं फुकट पालक देत आली होती. पिशवी अर्धी भरली होती. काकीनं खुणा केल्या, ओरडून पाहिलं, पाटी दाखवली. आजी हसून मान हलवत राहिली आणि खुडत राहिली. शेवटी काकीनं तिच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि पानं जमिनीवर ओतली.

आजीचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "तू अशी नव्हतीस गं," ती म्हणाली. "चार पानांसाठी?"

काकीला काही समजावता येईना. तिनं आजीचा हात धरून घरात आणलं, साबणानं तिचे हात धुतले, दुकानातून आणलेला कोबी आणि बटाटे पिशवीत भरून दिले. आजीनं पिशवी घेतली, पण तिच्याकडे न बघता गेली. त्या दुपारी काकीनं सुनेला कामाच्या वेळेत फोन केला. असं ती कधी करत नसे.

"पोरी, मला हे जमत नाही."

सून जिन्यात येऊन उभी राहिली. "काय झालं, आई?"

काकीनं सांगितलं. सांगता सांगता रडली. सुनेनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मी शनिवारी येते. आपण आजीच्या मुलीला गाठू. ती तिला कसं समजावायचं ते जाणते."

"आणि तोवर?"

"तोवर कुंपणाची फट बुजवा."

यावर काकी रडता रडता हसली. शनिवारी दोघी आजीकडे गेल्या. मुलीनं आजीच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढून सगळं सांगितलं. आजीला कितपत कळलं कोण जाणे, पण तिनं काकीच्या पाठीवर हात फिरवला आणि बटाटे फार पिठूळ होते, पुढच्या वेळी चांगले आण, असं बजावलं.

कापणी झाली. कापलेली मोहरी बंद पोत्यांतून भट्टीवर गेली. पुन्हा पेरणी झाली. खालच्या पट्टीत चुना पडला, खत पडलं. माती-डॉक्टर येई, गिरमिट फिरवी, मातीचा सामू, म्हणजे ती किती आंबट आहे ते बघे, कधी समाधानानं "हूं" करी, कधी आणखी चुना सांगे. काकीनं स्वतःचीही तपासणी करून घेतली. मूत्रपिंडांवर थोडा ताण दिसत होता. डॉक्टरांनी औषधापेक्षा पथ्यच जास्त दिलं आणि अधूनमधून येत राहायला सांगितलं. "शरीराचं पण तसंच म्हणायचं," काकी सुनेला म्हणाली, "बांधून ठेवायचं. उपसता येत नाही." सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून तिनं लगेच विषय बदलला. नातीच्या रक्तातलं शिसं मात्र उतरलं, आणि पुढच्या तपासणीला नाममात्र राहिलं.

दुसऱ्या वर्षी खालच्या पट्टीत शेंगा आणि टोमॅटो लावून बघायचं ठरलं. पानांच्या मानानं फळांत आणि शेंगांत हे धातू कमी चढतात. पहिल्या तोडणीची पाटी काकी स्वतः घेऊन शहरात आली आणि प्रयोगशाळेत सुनेच्या टेबलावर तिनं ती ठेवली.

"तुझ्या मशीननं खाल्ल्याशिवाय मी एक शेंग विकणार नाही."

मशीननं खाल्ल्या. आकडे मर्यादेच्या बरेच खाली होते. सुनेनं पडदा काकीकडे वळवला. काकीला त्यातलं काही कळलं नाही, पण सुनेच्या चेहऱ्यावरून कळलं. तिनं उरलेली एक शेंग मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी मशीन बसवणाऱ्या त्याच माणसाला दिली. तो दुरुस्तीला आला होता, आणि ही बाई कोण हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

बाजारात लोक लगेच आले नाहीत. आधी कोबीवाल्यानं घेतल्या, मग मास्तरांनी. बाळाची आई आली नाही. ती दुसऱ्या टोकाच्या टेबलावरून भाजी घेई आणि काकी दिसली की मान वळवी. काकी म्हणायची, "तिचं बरोबर आहे," आणि तेवढ्यावरच सोडायची.

फौजदार मात्र त्या थंडीत फाटकाशी येऊन उभा राहिला. या वेळी फाटक हळूच उघडलं. त्याच्या मुलीला दिवस गेले होते आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. घरात भाजी शेतातलीच.

"ते गिरमिटवाले," तो काकीच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "अजून येतात का इकडे?"

"येतात. उद्याच येणार आहेत."

"मग म्हणावं, माझ्याकडूनही जाऊन या."

"हुकूम आहे की विनंती?"

मिशी जराशी हलली. "विनंती."

त्याच्या शेताचा वरचा भाग चांगला निघाला. ओढ्याकाठची पट्टी वाईट होती, पण हौदाच्या तुकड्याइतकी नाही. चुना आणि हाडांचं खत घालून भागण्यासारखी. मुलगी येण्याआधीच त्यानं तिथला मुळा उपटून टाकला. चुन्याची पोती आली त्या दिवशी काकी, मुलगा, सून सगळेच मदतीला गेले. तोंडाला फडकी, डोळ्यांवर चष्मे. वारा अचानक फिरला आणि क्षणात सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. फौजदार मध्ये उभा राहून हुकूम सोडत होता, इकडे कमी पडलं, तिकडे जास्त झालं.

"किती वर्षं चालायचं हे?" त्यानं चुना झटकत विचारलं.

"चुना तर दर थोड्या वर्षांनी घालतच राहावा लागेल," सून म्हणाली. "शेंगा बहुतेक पुढच्या हंगामात लावून बघता येतील."

"तुम्ही फाटक मोडण्यात वेळ घालवला नसतात, तर याच हंगामात," काकी म्हणाली.

फौजदार एकदम हसला. त्याच्या पांढऱ्या मिशांखालचे दात त्या उतारावर कोणी याआधी पाहिले नव्हते. हसता हसता त्याला ठसका लागला. काकीनं त्याला पाण्याची बाटली दिली, सुनेनं पुढचं पोतं फोडलं, आणि वारा थांबायची वाट न बघता ती मंडळी ओढ्याच्या दिशेनं सरकत गेली.